वाणी, वाणिज्य आणि उद्वेग

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात मनुष्याची स्वाभाविक कर्मे सांगताना भगवंतांनी शेती आणि गोपालन यांच्या पंक्तीला वाणिज्य बसविले आहे. आणि पुढे लगेच असे म्हटले आहे की, आपापल्या कर्मानेच परमेश्वराची पूजा करून मनुष्य सिद्धी पावतो. पुष्कळ वेळा वाचूनही या वचनाचा पूर्ण आशय आपल्या ध्यानात येत नाही. दुकान हे पूजेचे स्थान आणि तराजू हे पूजेचे उपकरण होऊ शकते, एवढी मोठी गोष्ट त्यात सांगितलेली आहे. महाभारताच्या शांतिपर्वातील जाजली आणि तुलाधार यांची कथा हेच शिकविते. जाजलीने इतके निश्चल तप केले की, त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले, पिले मोठी होऊन उडून गेली, तरी तो हलला नाही. त्या तपाचा त्याला गर्व झाला, तेव्हा धर्म शिकण्यासाठी त्याला काशीतील एका दुकानदाराच्या दारी जावे लागले. त्या दुकानदाराचा धर्म कोणता? सर्वांना सारखे माप, कोणाशी कपट नाही आणि कोणाचा द्रोह नाही, एवढाच.

तेव्हा व्यापार हा मुळातच हीन आहे, अशी भूमिका घेऊन हा लेख लिहिलेला नाही. प्रश्न निराळा आहे. तुलाधाराची परीक्षा त्याच्या तराजूवर होत असे. आज वस्तू तराजूवर चढण्याच्या कितीतरी आधी व्यापाराचा मोठा भाग उरकलेला असतो. ग्राहक दुकानात पाऊल टाकतो तेव्हा काय घ्यावयाचे हे त्याच्या मनात ठरलेले असते, आणि ते ठरविण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी महिनोन्‌महिने परिश्रम केलेले असतात. चित्रे, गीते, फलक, प्रसिद्ध व्यक्तींची शिफारस आणि आता प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनी, ही त्याची साधने. या सर्व खटाटोपाला आज विपणन म्हणतात. विपणन चालते ते मुख्यतः वाणीने. म्हणून आजच्या वाणिज्याचा धर्म पाहावयाचा तर वाणीचा धर्म पाहिला पाहिजे. आणि त्याची कसोटी गीतेने सतराव्या अध्यायात, वाङ्मय तपाच्या वर्णनात, स्पष्ट दिलेली आहे.

तेथे तपाला पात्र अशा वाणीची चार लक्षणे सांगितली आहेत: ती दुसऱ्याला उद्वेग देणारी नसावी, ती सत्य असावी, ती प्रिय असावी आणि ती हितकर असावी. आचार्य शंकरांनी भाष्यात या ठिकाणी मोठा मार्मिक खुलासा केला आहे. ही चारी लक्षणे एकत्र असली पाहिजेत. त्यांपैकी एकाची, दोहोंची किंवा तिहींची उणीव असेल, तर त्या वाणीला तप म्हणता येणार नाही. केवळ सत्य आहे म्हणून भागत नाही, केवळ गोड आहे म्हणूनही भागत नाही. लहानपणी गुरुजींनी हे भाष्य लावून दिले, तेव्हा अन्वय जुळला, समास सुटला आणि आम्ही पुढे गेलो. चार लक्षणांत पहिले स्थान सत्याला नसून अनुद्वेगाला आहे, याचे तेव्हा काहीच नवल वाटले नाही. सत्यासारखे महाव्रत दुसऱ्या स्थानी आणि 'दुसऱ्याच्या मनाची शांती मोडू नये' ही साधी वाटणारी अट पहिल्या स्थानी, असा क्रम का असावा, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तो कसा पडला, ते सांगितल्यावाचून पुढील विवेचनाला अर्थ येणार नाही. म्हणून स्वतःविषयी थोडे लिहितो.

माझा चरितार्थ भाषांतरावर चालतो. शास्त्रग्रंथांच्या भाषांतराने घर चालत नाही, म्हणून इतर मजकूरही घ्यावा लागतो. काही वर्षांपूर्वी एका जाहिरात-संस्थेकडून, मुलांच्या दुधात घालावयाच्या एका पुडीचा मजकूर मराठी करण्यासाठी आला. मजकुरात असत्य काही नव्हते. पुडीत अमुक जीवनसत्त्वे आहेत असे लिहिले होते, ती तीत होती. मुलाच्या वाढीला त्या जीवनसत्त्वांची गरज असते असे लिहिले होते, तेही खरेच होते. मजकुराच्या शिरोभागी आईला उद्देशून एक प्रश्न होता. तो मराठीत आईच्या काळजाला भिडेल असा उतरावा, अशी सूचना होती. मी दोन दिवस विचार केला आणि 'कमी पडणे' हा आपल्या भाषेतील घरगुती प्रयोग निवडला. तुमचे मूल कोठे कमी तर पडत नाही ना, अशा अर्थाचे ते वाक्य झाले. त्यात मूलही कमी पडत होते आणि आईही कमी पडत होती. एकाच क्रियापदात दोघांची उणीव सुचविली गेली. संस्थेने वाक्याची प्रशंसा केली, ठरल्याहून थोडे अधिक मानधन दिले, आणि मलाही आपल्या कौशल्याचा संतोष वाटला.

पुढे काही महिन्यांनी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी महिन्याची उचल मागितली. एरवी त्या मागत नसत, म्हणून सहज कारण विचारले. पुडीचा डबा आणावयाचा होता. घरातील दुधाचा एक रतीब त्यांनी बंद केला होता, मुलाला सकाळी मिळणारे शेंगदाणे-गूळही थांबविले होते, आणि ते पैसे डब्याकडे वळविले होते. "एकुलतं एक पोर आहे, कुठं कमी पडायला नको," असे त्या म्हणाल्या. माझेच वाक्य माझ्याच स्वयंपाकघरातून मला परत ऐकू आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा दाखवावयास आणला. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात, असा नियम आहे. त्या यादीत साखरेचे नाव दुसरे होते. मी त्यांना सांगितले की, दूध, डाळ, शेंगदाणे, गूळ, हेच मुलाला अधिक उपयोगी आहे. आणि हेही सांगितले की, ते वाक्य मीच लिहिले आहे, ते मनावर घेऊ नका. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच लिहिलंय म्हणता, मग ते खरंच असणार."

त्यांचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. वाक्य खोटे नव्हते. खरे सांगावयाचे तर ते वाक्य प्रश्नार्थक होते, आणि प्रश्न खरा किंवा खोटा असूच शकत नाही. तरीही ज्या आईला आपल्या मुलाविषयी काल काही चिंता नव्हती, तिला आज चिंता लागली, आणि त्या चिंतेवरचा उपाय त्याच वाक्याखाली किमतीसह छापलेला होता. अनुद्वेग हे लक्षण सत्याच्या आधी का, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. उद्वेग निर्माण करण्यासाठी असत्य बोलण्याची मुळीच आवश्यकता नसते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याच्या अधःपाताची जी परंपरा सांगितली आहे ती सर्वांना परिचित आहे. विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश, स्मृतिभ्रंशापासून बुद्धिनाश आणि बुद्धिनाशापासून सर्वनाश. या साखळीची पहिली कडी चिंतन ही आहे. इतर कड्या एकीतून दुसरी अशा आपोआप ओढल्या जातात. पहिली मात्र मनुष्य आपल्या हाताने ओवतो. म्हणून शास्त्रकारांनी सगळा भर तेथे दिला. आजच्या विपणनाने नेमकी हीच कडी दुसऱ्याच्या हाती दिली आहे. आपण काय चिंतावे, किती वेळा चिंतावे, कोणत्या घटकेला चिंतावे, हे ठरविणारे लोक त्यासाठी वेतन घेतात. पूर्वीचा फेरीवाला आळीत हाक देई. आपल्याजवळ काय आहे ते सांगून तो पुढे जाई. ज्याला हवे असेल तो दार उघडी. आजची हाक आधी आपल्यात काय नाही ते सांगते. हाक देणारा पुढेही जात नाही. आपण कोणती वस्तू किती वेळ पाहिली याची नोंद ठेवून तीच वस्तू तो पुनःपुन्हा आपल्या डोळ्यांपुढे धरतो.

असत्य वाणीचा बंदोबस्त राज्यकर्त्यांनी फार पूर्वीपासून केलेला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या कंटकशोधन नामक अधिकरणात व्यापाऱ्यांच्या कपटाचा विचार केला आहे. हलक्या जातीचा माल अस्सल म्हणून विकणाऱ्याला मूल्याच्या आठपट दंड सांगितला आहे. स्वतंत्र भारतात १९५४ साली औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. १९८५ मध्ये जाहिरात-व्यवसायातील लोकांनीच आपल्या आचारनियमांसाठी भारतीय जाहिरात मानक परिषद स्थापन केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुनः तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली; वस्तूची शिफारस करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही त्यात जबाबदार धरले. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने संगणकीय बाजारपेठांना कळविले की, मुलांच्या दुधात घालण्याच्या पुड्या 'आरोग्यपेय' या सदराखाली विकू नयेत, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात आरोग्यपेय अशी कोणतीही संज्ञाच नाही. हे सारे स्वागतार्ह आहे. तथापि माझे ते वाक्य यांपैकी बहुतेक चाळण्यांतून सुखरूप खाली उतरले असते. कायदा प्रथम सत्याचा शोध घेतो. उद्वेग मोजण्याचा तराजू त्याच्यापाशी सहसा नसतो.

उद्वेग ही काही केवळ मनाची कुरकुर आहे, त्यासाठी एवढा ऊहापोह कशाला, असे कोणी म्हणेल. त्यासाठी गेल्या शतकातील एक इतिहास येथे सांगतो. त्यात हा प्रश्न जीवनमरणाचा झालेला आहे.

तान्ह्या मुलासाठी डब्यातील दूध विकणाऱ्या कंपन्यांनी आशिया व आफ्रिका खंडांतील गरीब देशांत आपला माल नेला. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ सालीच सिंगापूर येथील रोटरी क्लबपुढे केलेल्या भाषणात, अशा दुधाच्या प्रचाराने मुले मरत आहेत, असे सांगून त्या प्रचाराला हत्येची उपमा दिली होती. १९७४ मध्ये लंडनच्या 'वॉर ऑन वॉन्ट' या संस्थेने याच विषयावर पुस्तिका प्रसिद्ध केली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. विक्रीची रीत अशी असे. डब्यावर गुटगुटीत बालकाचे चित्र असे. परिचारिकेसारखा वेश केलेल्या विक्रेत्या स्त्रिया बाळंतिणींची भेट घेत आणि नमुन्याचे डबे फुकट देत. आपले दूध बाळाला पुरते की नाही, ही शंका बाळंतिणीच्या मनात पेरली म्हणजे पुढचे काम निसर्गच करी. मूल जितके अंगावर पिते, त्या मानाने आईला दूध येते. बाटली सुरू झाली की पिणे घटते आणि दूध आटत जाते. नमुन्याचा डबा संपेपर्यंत शंका खरी झालेली असे. मग डबा विकत घेणे भाग पडे. तो परवडत नसे, म्हणून पूड कमी आणि पाणी जास्त असे होई. पाणी अशुद्ध, बाटली उकळण्यापुरते सरपण नाही. परिणामी अतिसार, कुपोषण आणि अनेक घरी मृत्यू.

या प्रसंगात असत्य वाक्य कोणते, ते शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. डब्यात दूधच होते. आई नसलेल्या अथवा आजारी आईच्या मुलाला ते उपयोगीही पडते. गुटगुटीत बालकाचे चित्र हे विधान नव्हे. त्याला खोटे म्हणता येत नाही. मुले दगावली ती आईच्या मनात पेरलेल्या एका शंकेने. भगवंतांनी सांगितलेली साखळी येथे डोळ्यांपुढे उभी राहते: चिंतन, आसक्ती, संमोह, आणि आपल्या अंगी असलेल्या सामर्थ्याचा विसर. स्मृतिभ्रंश म्हणजे आणखी काय?

या अनुभवाने जगातील राष्ट्रे पुढे सरसावली, आणि माझ्या मते ही घटना धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनीही ध्यानात ठेवावी अशी आहे. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विपणनासाठी आचारसंहिता संमत केली. अनुकूल मते ११८ आणि प्रतिकूल केवळ एक. भारताने १९९२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. या कायद्याने अशा दुधाची जाहिरातच बंद केली, फुकट नमुने बंद केले, मातेचे दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे असे डब्यावर छापणे भाग पाडले, आणि डब्यावर बालकाचे किंवा स्त्रीचे चित्र छापण्यास मनाई केली. चित्र खरे की खोटे, हा प्रश्न येथे कायद्याने विचारलाच नाही. ते चित्र आईच्या मनावर काय करते, एवढेच पाहिले. सत्याची चौकशी करणारा कायदा येथे अनुद्वेगाच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

अशी पावले आणखीही पडत आहेत. २०१४ साली जाहिरात मानक परिषदेने कांती उजळविण्याच्या वस्तूंविषयी असा नियम केला की, सावळ्या वर्णाची व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा विवाह-नोकरीत मागे पडलेली अशी दाखवू नये. ज्या देशात भगवंतांना मेघश्याम म्हणून आळवितात, तेथे सावळ्या कन्येला स्वतःच्या वर्णाची लाज वाटावयास लावून मलम विकले जावे आणि ते थांबविण्यासाठी नियम करावा लागावा, हे खेदाचे आहे. पण नियम झाला हे बरे झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने संगणकीय बाजारातील तेरा फसव्या युक्त्यांची यादी करून त्यांना बंदी केली. 'आता दोनच नग उरले' अशी खोटी घाई करणे ही त्यांतील एक, आणि नकार देणाऱ्याला लाजवून त्याच्याकडून होकार काढणे ही दुसरी. घाई, लाज, भीती: उद्वेगाचीच ही रूपे होत.

येथे एक शंका रास्त आहे. हिताची गोष्ट सांगतानाही ऐकणाऱ्याला काळजी वाटतेच. वैद्य रोगाचे नाव उच्चारतो तेव्हा रोगी घाबरतो. १९९५ पासून देशभर मुलांना पोलिओचे दोन थेंब पाजण्यासाठी जो प्रचार झाला, त्यातही अपंगत्वाची भीती सांगितलीच होती. मग तोही उद्वेगच का? नव्हे. त्या प्रचारामागे भय खरे होते, ते सांगणाऱ्याने निर्माण केलेले नव्हते. उपाय पाजला की ते संपणारे होते. आणि उपायाच्या विक्रीतून सांगणाऱ्याला काही मिळवावयाचे नव्हते. २०११ च्या जानेवारीत शेवटचा रुग्ण आढळला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. तो प्रचार सफल झाला म्हणजे त्याची गरज कमी झाली. उलट बाजाराने निर्माण केलेला उद्वेग शमत नाही. एक डबा संपला की दुसरा आणावा लागतो, एक वस्त्र घेतले की त्याच्यापुढचे दिसू लागते. जी वाणी काळजी निवविते ती हितकर, आणि जी वाणी काळजीवर उपजीविका करते ती उद्वेगकर, असा हा भेद करता येईल. दुकानाची पाटी, मालाची खरी किंमत, नव्या बियाण्याची वा औजाराची माहिती, हे सारे पहिल्या प्रकारात येते आणि त्यावाचून व्यापार चालणार नाही. तुलाधाराच्या दुकानावर पाटी असती तर जाजलीला पत्ता विचारीत हिंडावे लागले नसते!

दुसरी शंका अशी की, ग्राहक स्वतंत्र आहे. त्याला कोणी बांधून नेत नाही. मग दोष विक्रेत्याचा कसा? या शंकेचे उत्तर बाराव्या अध्यायात भगवंतांना प्रिय असलेल्या भक्ताच्या वर्णनात मिळते. ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांपासून उद्वेग होत नाही, तो मला प्रिय, असे तेथे सांगितले आहे. उद्वेगाला दोन बाजू आहेत आणि एकीने दुसरी माफ होत नाही. ग्राहक दुर्बल आहे म्हणून विक्रेता सुटत नाही. विक्रेता दोषी आहे म्हणून ग्राहकही सुटत नाही. चोर आला म्हणून दार उघडे टाकणारा घरधनी शहाणा ठरत नाही, आणि दार उघडे होते म्हणून चोर साव होत नाही.

आपण गृहस्थांनी येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण ती आपल्याच देवघरात घडते. ग्रहांची भीती घालून रत्ने विकणे, शत्रुबाधा सांगून कवचे विकणे, देवतेच्या नावाचे यंत्र घरी नसल्यामुळेच दारिद्र्य आहे असे भासविणे, हा धर्माच्या नावाने चाललेला उद्वेगाचाच व्यापार होय. १९५४ च्या कायद्यात जादूच्या उपायांची व्याख्या करताना तावीज, मंत्र आणि कवच यांचा उल्लेख आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, दैवी सामर्थ्य असल्याचे सांगून अशा वस्तू दूरचित्रवाणीवरून विकणे बेकायदेशीर ठरविले. ज्या गीतेचा आरंभच भयाने आणि विषादाने गळालेल्या मनुष्याला उभे करण्यासाठी झाला, तिच्या उपासकांनी भय विकत घ्यावे किंवा विकावे, यासारखी विसंगती दुसरी नाही. शेजारच्या बाजाराला नावे ठेवण्यापूर्वी हे आपले अंगण झाडले पाहिजे.

या उद्वेगाचा समाजावर होणारा परिणाम पैशाच्या हिशेबाने मोजता येत नाही. घरातील मूल आईबापांपुढे बाजाराचा वकील होऊन उभे राहते. लग्नकार्यात, सणावारी, शेजाऱ्याने काय केले हे मोजमाप होते, आणि हप्त्यांनी घेतलेल्या वस्तूची हौस फिटली तरी हप्ते उरतात. सर्वांत खोल घाव भाषेला बसतो. 'शुद्ध', 'घरगुती', 'आजीच्या हातचे', 'विश्वास', हे आपल्या जिव्हाळ्याचे शब्द मी स्वतः किती ठिकाणी विकले आहेत, याची आज मोजदाद करू लागलो तर लाज वाटते. ज्या शब्दांनी आई मुलाशी बोलते, ते शब्द एकदा बाजारात घासले गेले की, घरातही त्यांचा कस कमी होतो. पुढे खरोखरच कोणी विश्वासाने काही सांगू लागला, तर ऐकणारा विचारतो, यात याचा लाभ काय? समाजाचा व्यवहार ज्या विश्वासावर चालतो, तो असा हळूहळू झिजतो.

मग करावे काय? जाहिरातीपासून दूर पळणे आज कोणालाही शक्य नाही. महात्मा गांधींनी आपल्या 'यंग इंडिया' व 'नवजीवन' या पत्रांत जाहिराती घेतल्या नाहीत, गोरखपूरच्या 'कल्याण' मासिकानेही तो नियम पाळला. ही उदाहरणे वंद्य आहेत. परंतु प्रत्येक गृहस्थाला त्यांचे अनुकरण आपल्या परिस्थितीप्रमाणे करावे लागेल. त्यासाठी तीन साधे नियम सुचवितो.

पहिला, एखादी वस्तू हवीशी वाटली की स्वतःला विचारावे: ही उणीव तिची जाहिरात पाहण्यापूर्वी मला जाणवत होती काय? जाणवत नसेल, तर ती उणीव आपली नव्हे, आपल्याला दिलेली आहे. दिलेली वस्तू परत करता येते. दुसरा, ज्या जाहिरातीत घाई आहे, तेथे थांबावे. गरज खरी असेल तर ती आठ दिवस टिकते. उद्वेग बहुधा तितके दिवस टिकत नाही. तिसरा, वस्तू उलटी करून मागची बाजू वाचावी आणि घरातील मुलांना व कामाला येणाऱ्या माणसांना ती वाचून दाखवावी. पुढच्या बाजूला वाणी असते, मागच्या बाजूला वाणिज्य असते.

जे स्वतः व्यापारात किंवा त्याच्या सेवेत आहेत, लिहितात, बोलतात, चित्रे काढतात, त्यांच्यासाठी वेगळा नियम सांगण्याचा मला अधिकार नाही. मी स्वतःपुरता केलेला सांगतो. मजकूर हाती आला की, तो सत्य आहे काय, हे मी आधी पाहत नाही. तो ज्या घरात वाचला जाईल, तेथील माणूस वाचण्यापूर्वी जितका स्वस्थ होता तितकाच वाचून झाल्यावर राहील काय, हे आधी पाहतो. सत्याचा विचार त्यानंतर. या क्रमामुळे काही कामे परत पाठवावी लागली, काही येईनाशी झाली. त्यात पुण्य काही नाही. घेतलेल्या कर्जाची ती अल्पशी फेड आहे.

त्या बाईंनी पुढे तो डबा संपविला, आणि दुसरा आणला नाही. माझ्या सांगण्याने आणला नाही, की पैसे पुरले नाहीत म्हणून, ते मी विचारले नाही. मात्र त्या वर्षी रतीब पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "दूध आपलं बरं, गुरुजी. त्याच्यावर काही लिहिलेलं नसतं." वाङ्मय तपावर इतके भाष्य मी वाचले होते, हे वाक्य कोठे आढळले नव्हते.

आपल्या वाणीने कोणाच्या घरची शांती मोडू नये, आणि कोणाच्याही वाणीने आपल्या घरची शांती मोडू नये, एवढे बळ भगवान श्रीकृष्ण आपणां सर्वांना देवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥